दोन कोकणी आणि ३८ ध्वनिमुद्रणे : नाशिकमधील एका संशोधनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिक शहरातील एका महाविद्यालयात मराठी विषयाचे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे आणि त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करतो. येथे मांडलेले प्रकरण त्या केंद्रातील एका पीएच.डी. संशोधिकेचे आहे. त्यांच्या संमतीनेच ते लिहीत आहे. व्यक्तींची, गावांची आणि पाड्यांची नावे दिलेली नाहीत, तसेच ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

संशोधिका कळवण तालुक्यातल्या. घरची बोली कोकणा, सगळे शिक्षण मराठीतून, मराठीत एम.ए. आणि नंतर एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी. सुरगाणा तालुक्यातील कोकणा बोलीचा शब्दसंग्रह हा विषय त्यांनी स्वतःहून निवडला होता आणि त्यामागचे कारण त्या लपवत नसत. आपल्या आजीला नागलीच्या (नाचणीच्या) शेतीतले जे शब्द येत, त्यांपैकी निम्मेसुद्धा आपल्या मुलीला येत नाहीत, ही गोष्ट त्यांना सलत होती. अशी आच असलेला संशोधक केंद्राला क्वचित मिळतो. पुढे जे घडले त्यात ही आच कुठेही कमी पडली नाही. कमी पडली ती तिला वेळेवर योग्य साधनांपर्यंत नेणारी व्यवस्था, आणि त्या व्यवस्थेत ग्रंथपाल म्हणून मीही येतो.

अभ्यासक्रमाचा टप्पा पूर्ण केल्यावर त्यांनी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत, नोकरी सांभाळून, सुरगाण्यातील पाड्यांवर जाऊन ३८ जणांची ध्वनिमुद्रणे केली. साधन होते हातातला मोबाइल. शब्दांची यादी प्रमाण मराठीत तयार केलेली होती आणि प्रश्नही सरळ होता: “मराठीत याला अमुक म्हणतात, तुम्ही काय म्हणता?” या दोन वर्षांत त्या ग्रंथालयात बहुतेक वेळा आल्या त्या क्रमिक पुस्तके घेण्यासाठी आणि परत करण्यासाठी.

अडचण

सहामाही प्रगती सादरीकरणात संशोधन सल्लागार समितीच्या एका बाहेरच्या सदस्याने तीन प्रश्न विचारले. या बोलीची पूर्वीची नोंद कुठे आहे आणि तुमची सामग्री तिच्याशी कशी ताडून पाहणार? उच्चारांवरचे प्रकरण मोबाइलच्या ध्वनिमुद्रणावरून कसे लिहिणार? आणि ज्यांचे आवाज तुम्ही घेतले, त्यांनी नेमकी कशाला संमती दिली आहे?

तिन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते. पहिल्या प्रश्नावर संशोधिकेने या बोलीवर पूर्वी काम झालेले नाही असे सांगितले. ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले होते, कारण त्यांनी शोधले होते आणि त्यांना काही सापडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ग्रंथालयात आल्या आणि आपण काय शोधले होते ते त्यांनी मला दाखवले. शोधाच्या चौकटीत त्यांनी ‘कोकणी’ हा शब्द टाकला होता. आलेली यादी जवळजवळ सगळी गोव्याच्या आणि किनारपट्टीच्या कोकणीची होती, म्हणजे १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेल्या भाषेची. सुरगाणा, पेठ, कळवण आणि शेजारच्या डांग भागात बोलली जाणारी कोकणा ही वेगळी बोली. तिला लोक स्वतः कधी कोकणा, कधी कोकणी म्हणतात, आणि गुजरातच्या बाजूला कुकणा किंवा कुंकणा असेही रूप चालते. एका नावाखाली दोन भाषा आणि एका भाषेची चार नावे अशा या गुंत्यात त्यांची दोन वर्षे गेली होती.

साधनांची चाचपणी

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी उपलब्ध साधने क्रमाने पाहिली. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण भाषा किंवा समाज यांवर काम करणाऱ्या बाहेरगावच्या संशोधकाला तो थेट उपयोगी पडेल.

सुरुवात ब्रिटिश काळातील भाषाअभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणापासून केली. मराठीचा सातवा खंड १९०५ चा आणि भिल्ल बोली व खानदेशी यांना दिलेला नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ चा. किनाऱ्यावरची कोकणी सातव्या खंडात आहे, तर भिल्ल बोलींच्या यादीत ‘कोकणी’ याच नावाची आणखी एक बोली स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. समितीने विचारलेली पूर्वीची नोंद हीच होती. शंभर वर्षांहून जुनी, विनामूल्य, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयात घरबसल्या वाचता येणारी. त्या सर्वेक्षणात बोलींचे नमुने म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राच्या गोष्टीची भाषांतरे घेतली जात. गोष्ट एकच असल्यामुळे दोन बोलींतली विभक्तीची आणि क्रियापदांची रूपे शेजारी ठेवून पाहता येतात. संशोधिकेने पहिल्यांदा तो मजकूर वाचला तेव्हा त्या काही ओळी मोठ्याने वाचत राहिल्या.

त्यानंतर जनगणना. २०११ च्या मातृभाषाविषयक तक्त्यांत भिली/भिलोडी या गटाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४ लाख दिली आहे आणि कोकणा/कोकणी/कुकणा ही मातृभाषा त्याच गटात मोजली आहे. वारलीही तिथेच आहे. ग्रिअर्सन यांनी मात्र वारली मराठीच्या खंडात घेतली होती. म्हणजे शेजारशेजारच्या पाड्यांवर बोलल्या जाणाऱ्या दोन बोली एका नोंदीत एकत्र आणि दुसरीत वेगळ्या. संशोधिकेच्या आराखड्यात ‘कोकणा ही मराठीची बोली आहे’ हे वाक्य पहिल्याच पानावर गृहीत धरून लिहिले होते. ते चूक आहे असे आम्ही म्हटले नाही, परंतु ते गृहीत धरण्याजोगे नाही, तो वादाचा मुद्दा आहे आणि प्रबंधाने त्याला सामोरे जायला हवे, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्याबरोबर स्पष्ट झाले. जनगणनेची मर्यादाही तेव्हाच लक्षात आली. गटाची संख्या त्यात कळते, पण कोणत्या घरात आजी एक बोली बोलते आणि नात दुसरी, हे कळत नाही.

मराठीच्या बोलींचे जे अलीकडचे सर्वेक्षण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केले, त्याचे संकेतस्थळ पाहणे हा या तीन आठवड्यांतला सर्वांत मोठा धडा होता. तेथे जिल्हावार नकाशे आहेत, शब्दांचे आणि व्याकरणिक रूपांचे पर्याय आहेत आणि मूळ ध्वनिमुद्रणेही आहेत. प्रश्न कसा विचारला जातो, बोलणाऱ्याचे वय, शिक्षण, गाव कसे नोंदवले जाते, हे संशोधिकेने त्या ध्वनिमुद्रणांवरून शिकून घेतले. प्रमाण मराठी शब्द सांगून त्याचा पर्याय विचारला की माणूस बरेचदा तोच शब्द थोडा वळवून परत देतो. त्यांच्या ३८ मुद्रणांत हे वारंवार घडले होते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची आवृत्ती, हाही त्याच शिकागोच्या ग्रंथालयात शोधता येतो. संशोधिकेच्या ‘खास कोकणा शब्द’ या यादीत ‘राब’ होता: भाताच्या रोपासाठी जमिनीवर फांद्या, पाला, गवत पसरून भाजण्याची पद्धत. मोल्सवर्थमध्ये तो कोकण प्रदेशातला शब्द म्हणून दिलेला आहे. तेव्हा यादीतला प्रत्येक शब्द आधी कोशात पाहायचा आणि मगच तो बोलीचा खास म्हणायचा, असा नियम ठरला. यादी बरीच आखडली. त्यांना ते लागले, पण राहिलेले शब्द आता टिकणारे होते.

शोधगंगा या प्रबंधांच्या भांडारात आम्ही सगळी नावे आणि रोमन लिपीतली सगळी वर्णलेखने स्वतंत्रपणे टाकली आणि कुकणा भाषेचा आंतरराष्ट्रीय भाषासंकेत ‘केईएक्स’ (kex) हाही वापरला. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे, जी १९६२ पासून काम करते आहे, समाजविषयक अहवाल पाहिले. नियतकालिकांसाठी २०२५ पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही केंद्र सरकारची योजना आहे, जिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळतात. आमचे महाविद्यालय खासगी व्यवस्थापनाचे असल्याने ती आम्हाला थेट लागू नव्हती, म्हणून लागणारे लेख आम्ही पुण्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत मागवले. पुणे दोनशे किलोमीटरहून दूर आहे, पण ओळखपत्र, विनंतीपत्र आणि नेमकी यादी घेऊन गेलेल्या संशोधकाचे काम तेथे दोन दिवसांत होते, हा अनुभव आम्हाला आला. यादी न घेता गेलेल्याला आठवडाही पुरत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

मार्गदर्शक, संशोधिका आणि मी असे तिघे बसलो. पहिला पर्याय होता तोच प्रबंध, तीच सामग्री, फक्त पूर्वसंशोधनाचे प्रकरण नव्याने लिहून पुढे जाणे. वेळेच्या दृष्टीने तो सर्वांत सोयीचा होता आणि मार्गदर्शकांचा कल सुरुवातीला तिकडेच होता. त्यांची काळजीही रास्त होती. नोकरी, घर आणि नोंदणीची मुदत या तिन्हींचा ताण संशोधिकेवर होता. पण या पर्यायात संमतीचा प्रश्न जसाच्या तसा राहत होता.

सगळी मुद्रणे बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करावी, असे खुद्द संशोधिका म्हणत होत्या. मी त्याला विरोध केला. त्या ३८ जणांपैकी काही फार वयस्कर होते आणि त्यांनी दिलेला वेळ रद्दी समजणे मला मान्य नव्हते. भाषेचा भाग सोडून केवळ जनगणना आणि अहवालांवर आधारित सामाजिक प्रबंध लिहावा, ही सूचनाही आली. पाच मिनिटांत ती मागे पडली, कारण त्यात संशोधिकेची सर्वांत मोठी जमेची बाजू, म्हणजे बोली आतून येणे, वाया जात होती.

शेवटी जुनी मुद्रणे ही प्राथमिक चाचणी मानायची, ज्यांचा आवाज आहे त्यांच्याकडे परत जाऊन संमती विचारायची, उच्चारांचे प्रकरण सोडून द्यायचे आणि विषय अरुंद करून नवे, मोजके, चांगल्या प्रतीचे मुद्रण करायचे असे ठरले. उच्चारांबाबतचा निर्णय तांत्रिक होता. मोबाइलने आवाज दाबून, संक्षिप्त स्वरूपात साठवला होता, गोंगाट कमी करणारी सोय आपोआप चालू होती आणि काही ठिकाणी पत्र्यावरचा पाऊस बोलण्याच्या वर ऐकू येत होता. अशी फाइल नंतर वेव्ह स्वरूपात बदलली तरी गेलेला तपशील परत येत नाही. ‘प्राट’सारख्या आज्ञावलीत स्वरांचे मोजमाप करण्यासाठी ती भरवशाची नव्हती. शब्द, वाक्यरचना आणि कथन यांच्यासाठी मात्र ती पुरेशी होती.

केलेली कृती

संशोधिका संमतीसाठी पाड्यांवर परत गेल्या तेव्हा दसरा उलटून गेला होता. निम्म्या घरांना कुलपे होती. माणसे दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत द्राक्षबागांच्या छाटणीला गेली होती. आम्ही वेळापत्रक आखताना सुट्ट्या पाहिल्या होत्या, लोकांचे स्थलांतराचे महिने पाहिले नव्हते. सुरगाणा-पेठेतून द्राक्षपट्ट्यात मजूर जातात हे नाशिकमध्ये कोणालाही माहीत आहे, तरीही आमच्या तिघांच्याही मनात ते आले नाही.

त्या मग बागांवर गेल्या. रविवारी दुपारी, शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माणसे गाठली. तेथे त्यांना जे ऐकू आले त्याने प्रबंधाची दिशा बदलली. आपसांत कोकणा बोलणारी हीच माणसे कामाविषयी बोलताना ‘छाटणी’, ‘डिपिंग’ (घड द्रावणात बुडवणे), ‘थिनिंग’ (घडातले मणी विरळ करणे) हे बागेतले शब्द वापरत होती आणि त्याच वाक्यात गावाकडच्या नागलीचा विषय निघाला की शब्द पुन्हा घरचे येत होते. पूर्वीच्या आराखड्यात मराठीमुळे कोकणा शब्द मरत आहेत असे सरळ विधान होते. इथे एकाच तोंडात दोन कामांचे दोन शब्दसंग्रह नांदत होते. खरा प्रश्न आता वेगळा होता: कोणाच्या तोंडी दोन्ही आहेत, कोणाच्या तोंडी एकच, आणि हंगामात आईबापांबरोबर बागेवर जाणाऱ्या आणि आजीआजोबांजवळ पाड्यावर राहणाऱ्या मुलांत काही फरक दिसतो का?

या प्रश्नासाठी भाषेची साधने आणि सामाजिक संशोधनाची साधने दोन्ही लागणार होती. समाजशास्त्र विभागातील एका अध्यापकांना सहमार्गदर्शनासाठी नव्हे, पण सल्ल्यासाठी विनंती केली आणि त्यांनी कुटुंब-अनुसूची तयार करून दिली: घरातून कोण जाते, कोणत्या महिन्यांत, मुले कुठे राहतात, शाळा कोणती. दोन पाडे आणि २४ कुटुंबे एवढीच मर्यादा घातली. शब्द विचारण्याची पद्धत बदलली. आता यादी वाचून दाखवली जात नाही, तर शेतावर उभे राहून हातातली वस्तू, चाललेले काम दाखवून बोलते केले जाते. मुद्रणासाठी स्वतंत्र यंत्र आणि कॉलरला लावायचा माइक घेतला, आवाज संक्षिप्त न करता साठवला आणि लिप्यंतर ‘एलान’ या विनामूल्य आज्ञावलीत आवाजाशी जोडून ठेवले, म्हणजे लिहिलेल्या प्रत्येक ओळीमागचे बोलणे कोणालाही ऐकून पडताळता येईल.

संमतीपत्र मराठीत लिहिले, पण वाचून दाखवले कोकणा बोलीत. त्यात तीन वेगवेगळे प्रश्न होते: प्रबंधात वापरू का, ग्रंथालयात ठेवू का, आणि संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येईल असे ठेवू का. ज्यांना सही करायची नव्हती त्यांची संमती आवाजातच घेतली. पहिल्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी होकार दिला, तिसऱ्याला बऱ्याच जणांनी नाही म्हटले. एका वृद्ध गायकाने थाळगानातील (थाळीच्या नादावर गायल्या जाणाऱ्या कथागानातील) कणसरी या धान्यदेवतेच्या कथेचा काही भाग पूर्वी मुद्रित करू दिला होता. हे अवेळी गायचे नसते, तेव्हा मी तुमच्या आग्रहाखातर गायलो, असे त्यांनी या वेळी सांगितले आणि तो भाग काढून टाकायला सांगितला. तो काढला.

३८ पैकी एक आजी मधल्या काळात वारल्या होत्या. त्यांच्या मुद्रणाचे काय करायचे यावर आमच्यात मतभेद झाले. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की शब्दांची सर्वांत श्रीमंत सामग्री तीच आहे आणि नाव न देता ती वापरता येईल. संशोधिकेने ती त्या आजींच्या मुलाला ऐकवली. मुलाने प्रबंधासाठी परवानगी द्यायची की नाही याविषयी काहीच न बोलता, हे आम्हाला द्याल का, एवढेच विचारले. मौन हा होकार नव्हे असे संशोधिकेने ठरवले आणि ते मुद्रण प्रबंधात घेतले नाही. त्याची प्रत त्या घरी मेमरी कार्डवर दिली.

परिणाम

बदललेला आराखडा समितीने मान्य केला. विषयाच्या शीर्षकात बदल करावा लागला आणि त्याच्या कागदपत्रांत जवळजवळ एक सत्र गेले. उच्चारांचे प्रकरण गेल्यामुळे प्रबंध लहान झाला आहे आणि २४ कुटुंबांवरून संपूर्ण तालुक्याविषयी विधान करता येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जुन्या मुद्रणांपैकी संमती मिळालेली सामग्री दुय्यम पुरावा म्हणून, तिच्या दोषांच्या नोंदीसह, परिशिष्टात आहे. बोलीच्या वर्गीकरणावर आता स्वतंत्र प्रकरण आहे आणि माझ्या मते ते प्रबंधातले सर्वांत मजबूत प्रकरण ठरेल. मुलांविषयीच्या प्रश्नाचे विश्लेषण अजून चालू आहे, म्हणून त्याचा निष्कर्ष इथे देत नाही.

वेगळे काय करता आले असते

समितीच्या बैठकीपर्यंत कोणीही संशोधिकेला तुम्ही काय शोधले, कोणत्या शब्दाने शोधले असे विचारले नव्हते. हा प्रश्न मी विचारायला हवा होता. आमच्या ग्रंथालयात नव्या संशोधकांना दाखवले जात होते ते कपाटांचे विभाग आणि प्रवेशाचा संकेतशब्द. आता नोंदणीनंतर पहिल्या महिन्यात संशोधकाबरोबर दोन तास बसतो आणि त्याच्या विषयातील भाषेची, जातीची, गावाची सगळी नावे आणि सगळी वर्णलेखने एका कागदावर लिहून घेतो. शोध त्यानंतर सुरू होतो.

विषयनोंदणीआधी पंधरा दिवसांची लहान क्षेत्रभेट झाली असती, तर प्रमाण मराठीतून विचारलेल्या प्रश्नांचा दोष दोनतीन मुद्रणांतच कळला असता. संशोधनाच्या नीतिमत्तेचा विषय अभ्यासक्रमात होता, पण त्यात भर वाङ्मयचौर्यावर होता. पाड्यावरच्या माणसाकडून आवाज घेताना काय सांगायचे, हे त्यात आले नव्हते. क्षेत्रकार्याचे वेळापत्रक शाळेच्या सुट्टीऐवजी आवणी, नागलीची काढणी आणि द्राक्षछाटणी यांवरून आखायला हवे होते.

एका निर्णयाविषयी माझे मन अजून स्थिर नाही. संमती मिळालेली मुद्रणे कायमची कुठे ठेवायची? विद्यापीठाच्या भांडारात ती सुरक्षित राहतील, पण सुरगाण्यातून कोणी ती ऐकायला पुण्याला जाणार नाही. तालुक्यातील एखाद्या शाळेत ठेवली तर ऐकली जातील, पण दहा वर्षांनी ती चालतील याची खात्री नाही. तूर्त दोन प्रती केल्या आहेत. एक आमच्याकडे आहे. दुसरी संशोधिकेने त्या पाड्यावरच्या शिक्षकांकडे दिली आहे आणि गेल्या महिन्यात त्या शिक्षकांनी फोन करून कळवले की तिसरीच्या मुलांनी त्यातला नागली कांडणाऱ्या आजींचा भाग दोनदा लावायला सांगितला.